रिळातला पुढचा फोटो

पोस्टर खालून वर चिकटत होतं, म्हणून तिला आधी स्वतःचे पाय दिसले. एका पायात सँडल, दुसरा अनवाणी. इस्पितळासमोरच्या थांब्यावर ती रोजच्यासारखी ट्राममधून उतरली होती, पिशवीतला डबा आडवा झाला नाही ना ते चाचपत होती. समोरच्या मोठ्या फळीवर एक माणूस खळीचा ब्रश फिरवत कागदाच्या पट्ट्या लावत होता. त्याची उंच शिडी अजून आली नसावी. हाताला येतील तेवढ्या खालच्या पट्ट्या तो आधी उरकून घेत होता. पाय, पोटऱ्या, फ्रॉकची झालर. झालर दिसली आणि डबा चाचपायचा राहून गेला. चेहरा अजून बादलीशेजारी फुटपाथवर गुंडाळून पडला होता. माणसानं मागे वळून पाहिलं. थांब्यावर ती एकटीच होती. ‘बाई, जरा बघता का, सरळ बसलंय का?’ तो म्हणाला. तिनं मान तिरकी करून पाहिलं. ‘डावीकडून जरा वर घ्या,’ ती म्हणाली. ‘आता?’ ‘आता ठीक.’ ‘कसलं तरी प्रदर्शन आहे,’ तो ब्रश झटकत म्हणाला, ‘जुने फोटो आहेत म्हणे. हिची वेणी धरलीय बघा पोलिसानं. म्हणजे अजून दिसत नाही, पुढच्या पट्टीत आहे.’ ‘हो का,’ ती म्हणाली, आणि सिग्नल नसतानाच रस्ता ओलांडून इस्पितळात शिरली. कोट खुंटीला लावताना तिला वाटलं, आपण त्याला खरंच सरळ लावायला मदत केली. पन्नास वर्षं जिच्याकडे पाहायचं टाळलं, तिला नीट उभं करून आलो.

इस्पितळात तिला सगळे फोटोबाई म्हणत. एक्स-रेचं खातं तळमजल्यावर, बिनखिडकीचं. तिथं ती पंचवीस-तीस वर्षं लोकांच्या छात्या, गुडघे, मनगटं यांचे फोटो काढत आली होती. पाठीला गार फळी लावायची, खांदे पुढे घ्यायला सांगायचे, शिशाच्या काचेमागे जायचं आणि म्हणायचं, श्वास घ्या, रोखा, सोडा. रोज कुणी ना कुणी विचारायचंच, ‘बाई, हसू का?’ आणि तीही रोज तेवढंच हसायची, कारण विचारणारा पहिल्यांदाच विचारत असतो. नव्या शिकाऊ मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगायची, आपल्या फोटोत हाडं पांढरी नि हवा काळी, बाकी कोण कुठल्या रंगाचा ते बाहेरच्या खुर्च्यांवर ठेवून यायचं. मुली हसायच्या. बाहेरच्या खुर्च्यांवर मात्र ते ठेवलेलंच असायचं: गोरा म्हातारा तिला ‘जरा लवकर’ म्हणायचा, आणि तिच्यासारख्याच काळ्या बायका दोन-दोन तास गप्प बसून राहायच्या, बोलावलं तरी आधी आजूबाजूला बघायच्या. कायदा होऊन आयुष्य गेलं होतं. पण बायका अजून आजूबाजूला बघायच्याच.

त्या दिवशी जेवणाच्या जरा आधी दोन पोलीस एका पोराला घेऊन आले. पोरगा म्हणजे विशीचा असेल, काळा, उंच. उजवा हात त्यानं डाव्या हातात तान्ह्या बाळासारखा धरला होता. ‘जिन्यावरून पडला,’ मोठा पोलीस म्हणाला. तिनं पोराला आत घेतलं, हात टेबलावर ठेवायला मदत केली. डोक्यावर वार येताना माणूस जो हात आडवा धरतो, तो नेमका जिथं मोडतो, तिथंच तो मोडला होता. हे कळायला फोटोचीही गरज नव्हती. ‘कुठल्या जिन्यावरून?’ तिनं हळूच विचारलं. पोरानं दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या नजरेत मागणं होतं, आणि ते नक्की कशाचं हे त्यालाही ठाऊक नसावं. ‘आठवत नाही,’ तो म्हणाला. तिनं नेहमीचे दोन फोटो काढले, मग आणखी एक काढला, बाजूनं, कुणी मागितला नव्हता तरी. नोंदीत लिहिलं: रुग्ण म्हणतो, आठवत नाही, सोबतचे पोलीस म्हणतात, पडला. डॉक्टर वरवर बघून प्लास्टर सांगतील, फाईल कपाटात जाईल. काढून तर ठेवला, ती मनाशी म्हणाली. कुणी कधी बघायचं ठरवलं, तर आहे. मग डबा उघडला, आणि दोन घास खाऊन पुन्हा बंद केला.

त्या सकाळी, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या, तिला कुणी कशासाठी नेलं नव्हतं. हेच तर कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. टेकडीवरच्या बागेत झोपाळे होते, आणि फाटकावर पाटी होती, फक्त गोऱ्यांसाठी. खालच्या वस्तीतून टेकडीवर कामाला जाणाऱ्या बाया रोज त्या पाटीवरून जायच्या. गोऱ्यांची मुलं घेऊन आत जायची त्यांना मुभा होती, स्वतःची घेऊन नव्हती. मग कोर्टानं पाटी काढायला लावली. नगरपालिकेनं पाटी काढली आणि झोपाळेही काढले. साखळ्या, फळ्या, सगळं. लोखंडी चौकटी तेवढ्या उभ्या राहिल्या, फाशीच्या खांबांसारख्या. वस्तीतल्या बायकांनी ठरवलं, तरी जायचं. मुलं न्यायची आणि त्या रिकाम्या चौकटींखाली उभं राहायचं. शेजारची काकू आपली तिन्ही पोरं घेऊन निघाली, आणि ती त्यांच्या मागोमाग गेली, कारण तिनं ‘झोपाळे’ एवढा एकच शब्द ऐकला होता. आईला विचारलं नाही. आई टेकडीवर कामावर होती. अंगात गुरुवारचा फ्रॉक होता. गुरुवारी आईची अर्धी सुट्टी असायची, म्हणून चांगला फ्रॉक गुरुवारचा. तो आईच्या मालकीणबाईंच्या मुलीचा जुना, रुंद कॉलरचा, झालर लावलेला. वर पोचल्यावर तिनं झोपाळे शोधले. नव्हते. मोठी माणसं आता आणतील, असं वाटून ती चौकटीखाली जाऊन उभी राहिली. सगळे पांगले तेव्हाही ती उभीच होती, कारण नंबर जाईल. मग पोलीस आला. त्यानं तिची वेणी मुठीत धरली, आणि पट्टा तुटून एक सँडल गेलं. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी फोटोखाली छापून आलं होतं, ‘ती हलली नाही’. केस मुठीत असताना माणूस हलेल कसा, हे त्या छापणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

फोटो जगभर गेला, असं सगळे म्हणतात. त्यांच्या घरी तो दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. टेकडीवरच्या बाईंनी चहाबरोबर पेपर उघडला आणि आपल्या मुलीचा फ्रॉक ओळखला. चेहरा ओळखला नसता त्यांनी. काळी पोरं त्यांना सगळी सारखीच दिसायची. आई दुपारीच घरी आली, अ‍ॅप्रन हातात गोळा करून. बाबा मालधक्क्यावर होते. आठवड्याभरात त्यांनाही ‘उद्यापासून येऊ नको’ झालं. एका संध्याकाळी खिडकीची काच फुटली, आणि दगडाला गुंडाळलेला फोटो होता, तोच, पेपरातून कापलेला. बाबांनी तो चुलीत घातला. ‘ही तू नव्हेस,’ ते तिला म्हणाले, ‘कुणी विचारलं तर म्हणायचं, मी नव्हे.’ मग दुसरं गाव, दुसरं आडनाव, ओलीची खोली. त्या हिवाळ्यात आईच्या छातीत कफ भरला. जवळचं मोठं इस्पितळ हेच, ज्यात ती आता नोकरी करत होती. तेव्हा इथं काळ्यांना घेत नसत, त्यांचं इस्पितळ नदीपलीकडे होतं, आणि नदीपलीकडे पोचेपर्यंत आई राहिली नाही. ती इथं नोकरीला लागली तेव्हा पहिले काही दिवस फाटकातून आत येताना तिचे पाय जड व्हायचे. मग नाही व्हायचे. माणूस रोज उठून रडत नाही. रोज उठून ट्राम पकडतो.

फोटोनं आईला नेलं, असं तिला कधी वाटायचं. आणि फोटोमुळे कायदा आला, असं सगळे सांगायचे, तेही खोटं नव्हतं. कायदा आला म्हणून ती शिकली, म्हणून ह्या तळमजल्यावर तिचा कोट खुंटीला होता. ह्या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ घालून द्यायच्या भानगडीत ती पडली नव्हती. तिला खरं दुखायचं ते निराळंच. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. आवाज आठवायचा, साबणानं उललेली बोटं आठवायची, चालताना आई डावा पाय जरासा ओढायची तेही. पण चेहऱ्याच्या जागी हळूहळू तिचा स्वतःचाच चेहरा येऊन बसला होता, आरशात रोज दिसतो तो, थकलेला, डोळ्यांखाली पिशव्या आलेला. आईचा एकही फोटो नव्हता. त्यांच्यातल्या कुणाचेच नव्हते. फोटो काढणं हे त्यांच्याकडे लग्नातसुद्धा होत नसे. अख्ख्या घराण्यात फोटो निघाला तो एकीचा, तोही पोलिसाच्या मुठीत.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा पोटावर उशी घेऊन रेडिओ ऐकत होता. तो निवृत्त ट्रामचालक. अजूनही घरात वळताना आधी थांबायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. लग्नाआधीच तिनं सांगितलं होतं, आणि त्यानं नीट ऐकून घेऊन म्हटलं होतं, ‘मग आता तुझी वेणी मी धरली तर पेपरात येईल का?’ ती त्याच्या पाठीत गुद्दा घालून हसली होती, आणि त्याच क्षणी हा चालेल असं ठरवलं होतं. आज तो रेडिओ बंद करून म्हणाला, ‘बघितलंस?’ ‘बघितलं. लावायला मदतही केली.’ ‘सगळ्या थांब्यांवर लावलाय. बाजाराच्या कोपऱ्यावर तर तू दोन मजली आहेस.’ ‘अहो, हळू बोला,’ ती म्हणाली. आतल्या खोलीत लेक होती.

लेक तिशीची. शाळेत इतिहास शिकवायची, आणि घरातही थोडाफार शिकवायचीच. तिच्या खोलीत पलंगाच्या वर भिंतीवर तो फोटो होता, कॉलेजात असताना आणलेला, कडा पिवळ्या पडलेला. तो आणला त्या दिवशी तिनं तो आईसमोर उलगडून धरला होता. ‘बघ आई, हिच्या डोळ्यांत भीतीच नाहीये!’ तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून तिनं तोंड उघडलं होतं. मग तिला दिसलं, की एक सांगितलं तर सगळं सांगावं लागेल: फ्रॉक, झोपाळ्याचा नंबर, अ‍ॅप्रनचा गोळा, नदी. आणि लेकीचा चेहरा तर असा उजळला होता. ‘छान आहे,’ ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी चिरायला घेतली. तेव्हापासून ती दर आठवड्याला त्या खोलीत केर काढताना स्वतःच्या एका अनवाणी पायासमोरून जायची. लेक मधूनच कधी चिडली, म्हणजे गोऱ्या शेजाऱ्यानं पाण्याच्या नळावरून आईला काही ऐकवलं आणि ती गप्प बसली, किंवा दुकानात कुणी तिच्या पुढे घुसलं आणि तिनं घुसू दिलं, की लेक म्हणायची, ‘तू ना आई, आयुष्यात कधी कशाला नाही म्हणालीच नाहीस.’ आणि नवरा पेपराआड खोकायचा.

‘शनिवारी तू येतेयस माझ्याबरोबर,’ लेक बाहेर येऊन म्हणाली. ‘तो स्वतः येणारे. फोटोग्राफर. पंचाहत्तरी उलटलीय त्याची, पुन्हा काय येणार नाही.’

‘मला शनिवारी कपडे धुवायचेत.’

‘कपडे बाबा धुतील.’

‘मी धुतो,’ नवरा म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच रेडिओची कळ फिरवायला लागला. पण शनिवारी ती गेली. का गेली, हे तिला नीटसं सांगता आलं नसतं. त्या आठवड्यात ती रोज पोस्टरसमोर उतरत होती, आणि पोस्टरवरची मुलगी तिच्याकडे न बघता तिच्या डोक्यावरून कुठंतरी बघत होती. कदाचित एवढ्यासाठीच, की ते कुठंतरी म्हणजे कुठं हे तिलाच आठवेना.

सभागृह जुनं, लाकडी जमिनीचं होतं, पुढच्या रांगांत खुर्च्या आणि मागे भिंती भरून फोटो. म्हातारा काठी टेकत आला. गोरा, बारीक, गळ्यात अजूनही कॅमेरा अडकवलेला, जसं काही बायकांच्या हातात घरातसुद्धा पाकीट असतं. तिला वाटलं होतं, तो दिसला की राग येईल. राग आला नाही. त्याचे हात कापत होते, आणि माइकसमोर उभं राहताना त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तो फार बोलला नाही. म्हणाला, ‘मी तेव्हा पंचवीस-सव्वीसचा होतो. मला मारतील म्हणून घाबरलो नव्हतो, कॅमेरा फोडतील म्हणून घाबरलो होतो. काढले आणि पळालो. फोटोखाली जे छापलं ते मी लिहिलं नव्हतं. मला लोक विचारतात, ह्या फोटोनं काय बदललं. कायदा बदलला म्हणतात. आज सकाळचा पेपर तुम्हीही वाचला असेल.’ सकाळच्या पेपरात मधल्या पानावर, जिन्यावरून पडलेला एक पोरगा कोठडीत तापानं गेल्याची बातमी होती. नाव वेगळं होतं, तिच्या टेबलावर आलेला तो नव्हता. तिनं दोनदा वाचून खात्री केली होती.

लेकीनं हात वर केला. हा प्रश्न येणारच हे आईला ठाऊक होतं, तरी तिनं खुर्चीखाली पाय आत ओढून घेतले, दोन्ही पायांत बूट असूनही. ‘त्या मुलीचं पुढे काय झालं?’ लेकीनं विचारलं.

म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. ‘सापडली नाही,’ तो म्हणाला. ‘पंधरवड्यानं मी त्यांच्या वस्तीत गेलो होतो. घर शोधून काढलं. कुलूप होतं. शेजारणीनं मला बादलीभर पाणी ओतून हाकललं. बरोबरच होतं तिचं. मी पुन्हा गेलो, तेव्हा तिनं दार उघडलंच नाही.’

हा आला होता. हे तिला माहीत नव्हतं. त्यांच्या दारात, त्या हिरव्या रंग उडालेल्या दारात, हा माणूस तरुणपणी उभा होता, आणि काकूनं त्याच्या अंगावर पाणी फेकलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर काकू उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि तिला एकदम हसू आलं. लेकीनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

भाषण संपल्यावर लोक भिंतींकडे पांगले. तो फोटो मधोमध होता, माणसाएवढा, त्यासमोर गर्दी. ती त्या गर्दीकडे गेली नाही. कडेकडेनं चालत राहिली, इस्पितळाच्या कॉरिडॉरमधून चालते तशी, कुणाच्या वाटेत न येता. शेवटच्या भिंतीवर त्या दिवशीचं आख्खं रीळ लावलं होतं, एकेक फोटो ओळीनं, आजवर कुठं न छापलेले. रिकाम्या चौकटी. टेकडी चढणाऱ्या बायका. त्यांत काकू, काखेत धाकटं पोर. पोलिसांची गाडी. पळापळ, नुसतेच पाय. मग तो फोटो, इथं लहानसा, बाकीच्यांसारखाच एक. आणि त्याच्या पुढचा. पुढच्या फोटोत ती आणि पोलीस दोघंही धूसर झाले होते. कॅमेरा बहुतेक हलला होता, आणि मागे धावत आलेली एक तरुण बाई लख्ख उमटली होती. अंगावर अ‍ॅप्रन, डोक्याचा रुमाल सुटून एका कानावर आलेला. दोन्ही हात जोडलेले, पोलिसाकडे. तोंड उघडं. ती काहीतरी म्हणत होती. फोटोबाईनं चष्मा कपाळावर घेतला आणि जवळ जाऊन पाहिलं. किती कोवळी आहे ही, तिच्या मनात आलं, आपल्या लेकीहून लहान. ओळखीची नव्हती. अजिबात ओळखीची नव्हती. मग तिची नजर त्या जोडलेल्या बोटांवर गेली, टोकाशी उललेल्या, आणि तिथून हळूहळू वर चढत पुन्हा चेहऱ्यापर्यंत आली. ह्या वेळी तो चेहरा तिथंच थांबला. हलला नाही, तिच्या स्वतःच्या चेहऱ्याखाली गेला नाही. नाक आखूड होतं. हे ती पार विसरली होती. भुवया जवळजवळ मिळालेल्या. आई.

आई तिला न्यायला आली होती. वेणी मुठीत आल्यानंतरचं तिला काहीच आठवत नव्हतं, म्हणून हेही आज कळत होतं. टेकडीवरच्या घराच्या खिडकीतून बाग दिसायची; तिथून आईला फ्रॉक दिसला असेल आणि ती हातातलं काम टाकून, न विचारता, धावत सुटली असेल. म्हणजे नोकरी तेव्हाच, पेपर येण्याआधीच, गेल्यात जमा होती. बाईंनी पेपरात फ्रॉक ओळखला म्हणून गेली, असं तिनं पन्नास वर्षं धरलं होतं. आणि पोस्टरवरची मुलगी जिकडे बघत होती ते कुठंतरी म्हणजे हे होतं, चढावरून येणारी आई.

लेक तिच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. तिनं ओळीनं सगळे फोटो पाहिले, शिक्षिका पाहते तसे, एकही न गाळता. शेवटच्यापाशी थांबली. ‘हे बघ,’ ती हळू आवाजात, पण चिडून म्हणाली. ‘एवढीशी पोर ताठ उभी आहे, आणि ही बाई मागनं येऊन हात जोडतेय त्याला. पाया पडायचीच बाकी आहे. ह्या लोकांमुळेच ना, आई, इतकी वर्षं लागली.’

‘ती तुझी आजी,’ ती म्हणाली.

लेकीला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे कानांना आलं. ती फोटोकडे पाहत राहिली, मग फोटोतल्या त्या धूसर मुलीकडे, मग आईकडे, आणि आईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तिची नजर अशी फिरली, जशी कुणाच्या तरी सामानातून आपली वस्तू शोधावी. तिचा हात आपसूक तोंडावर गेला. ‘म्हणजे ही...’

‘हं.’

‘माझ्या खोलीत. इतकी वर्षं. आणि मी तुला काय काय... तू सांगितलं का नाहीस?’

‘रोज सांगणार होते,’ ती म्हणाली. ‘रोज काहीतरी निघायचं. कधी कुकर लागलेला असायचा, कधी तू घाईत असायचीस. मग वाटलं, भिंतीवरचीच बरी आहे तुला. ती कधी थकत नाही.’

लेकीचे डोळे भरले. ती वळून मधल्या गर्दीकडे निघाली, म्हाताऱ्याकडे, सगळ्यांना सांगायला. तिच्या चालीवरूनच ते दिसत होतं. तिनं लेकीचं मनगट धरलं, घट्ट नाही, पण धरलं. ‘थांब,’ ती म्हणाली. ‘मी जाते.’ पण जायची वेळच आली नाही. काठीचा आवाज आला; म्हातारा स्वतःच भिंतीकडे येत होता, बसायला एखादी खुर्ची मिळते का बघत. तिनं पुढे होऊन खुर्ची ओढून दिली, ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना रोज देते तशी, कोपराखाली हात घालून. तो बसला, हुश्श म्हणाला, आभार मानले.

‘ह्यातला एक मला मिळेल का?’ तिनं विचारलं. ‘छापून.’

‘तो? तो बाहेर टेबलावर आहे, मोठा, लहान, सगळे.’

‘तो नाही. हा.’

त्यानं मान वळवून पाहिलं. ‘हा वाया गेलेला आहे हो. हात हलला. मुलगी पार गेलीय त्यात.’ मग त्याची नजर फोटोवरून तिच्याकडे आली आणि तिच्याकडेच राहिली. बराच वेळ. आयुष्यभर चेहरे पाहण्याचंच काम केलेला माणूस होता. ‘त्या तुमच्या कोण?’ त्यानं विचारलं.

‘आई.’

‘आहेत?’

‘नाहीत. त्याच हिवाळ्यात गेली.’

त्यानं डोळे मिटले. क्षमा मागेल असं तिला वाटलं, आणि मागू नये असं मनापासून वाटलं, कारण मागितली तर ती कुठं ठेवायची ह्याची तिच्याकडे काही सोय नव्हती. त्यानं मागितली नाही. ‘मी आलो होतो,’ एवढंच म्हणाला.

‘ऐकलं मघाशी,’ ती म्हणाली. ‘पाणी ओतलं ती आमची काकू. गरम नव्हतं ना?’

‘नाही,’ म्हातारा म्हणाला. ‘पण धुणं धुतलेलं होतं.’ आणि दोघंही हसले, जरासेच, लेक तोंडात रुमाल धरून उभी असताना. मग त्याचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला, अर्ध्यात थांबला. ‘एक काढू का तुमचा?’ त्यानं विचारलं.

तिनं विचार केला. खरंच केला. ‘नको,’ ती म्हणाली. ‘पण ह्या वेळी विचारलंत. बरं वाटलं.’

त्यानं मान हलवली आणि कॅमेरा सोडून दिला. तिचा पत्ता त्यानं एका चिटोऱ्यावर स्वतः लिहून घेतला, कापऱ्या अक्षरात, आणि नाव विचारलं तेव्हा तिनं आधीचं आडनाव सांगितलं, बाबांनी टाकून दिलेलं. तोंडातून ते बाहेर पडताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. तिथंच पाठ टेकून झोपून जावं इतका शीण तिच्या अंगात भरून आला.

परतीच्या ट्राममध्ये दोघी शेजारी बसल्या. खिडकीतून बाजाराचा कोपरा गेला, दोन मजली पोस्टर गेलं. लेकीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती आईच्या हाताकडे पाहत होती. वर्गात पोरांना शंभर प्रश्न विचारणारी मुलगी, तिला एक जुळेना. पोलिसाबद्दल विचारेल, नाहीतर कोर्टाबद्दल, आजोबांच्या नोकरीबद्दल, आणि आपण सांगू, ती मनाशी म्हणाली, सांगायचंच आहे आता, सावकाश. पण लेकीनं विचारलं, ‘आजी कशी होती?’

तिनं डोळे मिटून घेतले. आखूड नाकाचा, मिळालेल्या भुवयांचा तो चेहरा तिथं होता, आणि आता ती हात जोडत नव्हती.

‘तापट,’ ती म्हणाली. ‘भयंकर तापट बाई. घरी आल्यावर दिला ना मला एक ठेवून, न विचारता गेले म्हणून. गाल दोन दिवस सुजला होता. आणि मग रात्रभर मला घट्ट धरून झोपली, श्वाससुद्धा घेऊ देईना.’